नंबर कुणाचा?

आमच्या सरांच्या स्पॅनिशमध्ये माणसाला कुठं जाता येत नसे. कुणाला काही देता येत नसे, काही हवंय असं म्हणता येत नसे, आणि 'मी आहे' एवढं साधं वाक्यसुद्धा बोलता येत नसे. कारण जाणं, देणं, हवं असणं आणि नुसतं असणं, ही स्पॅनिशमधली सगळी क्रियापदं नियमाबाहेर चालतात, आणि नियमाबाहेर चालणाऱ्याला सरांच्या वर्गात जागा नव्हती. तिथं खाता येई, पिता येई, काम करता येई, खोली घेऊन राहता येई आणि बोलता येई. "कंपनीतल्या मानसाला ह्याच्यापेक्षा जास्त काय लागतंय?" असं सर विचारायचे.

वर्ग कारेगावात होता, हायवेला लागून. खाली टायरचं दुकान आणि वर दोन खोल्या. पुढच्या खोलीत आम्ही, मागच्या खोलीत सरांचा आणि काकूंचा संसार, आणि मध्ये भिंत म्हणजे प्लायवूडचा एक तुकडा. रांजणगावातल्या आमच्या कंपनीचे मालक स्पेनचे. नवी लाइन येणार आहे आणि तिच्या ट्रेनिंगसाठी काही ऑपरेटर तिकडे पाठवणार आहेत, अशी हवा एका वर्षी उठली. झालं. ज्यांना स्वतःच्या गावचा एसटी डेपो सोडून बाहेरचं जग माहीत नव्हतं ते सगळे स्पॅनिश शिकायला निघाले. त्यात मीही होतो.

सर स्वतः तरुणपणी फिटर होते. एका मशीनच्या निमित्तानं त्यांना स्पेनला पाठवलं होतं आणि एक आख्खा हिवाळा त्यांनी तिथं काढला. त्या हिवाळ्याबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "पहिलं दोन म्हयनं माझ्याशी कुनी बोललंच न्हाई. दुकानात बोट दाखवायचं, घ्यायचं, निघायचं. आपन मुकं झालो का काय, असं वाटायचं." मग तिथल्या कुणीतरी त्यांना क्रियापदं शिकवली आणि ते माणसात आले. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या पायात कंपनीचे सेफ्टी शूज असत. आम्हाला चपला बाहेर काढायला लावत आणि स्वतः लोखंडी टोकाचे बूट घालून फळ्यापुढे उभे राहत. का, ते कुणी विचारलं नाही. सरांना 'का' विचारायची पद्धतच नव्हती.

शिकवायची रीत त्यांची स्वतःची होती. स्पॅनिशमध्ये 'बोलणे' म्हणजे हाब्लार. मग मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, आम्ही, तुम्ही, ते. हाब्लो, हाब्लास, हाब्ला, हाब्लामोस, हाब्लाइस, हाब्लान. ही सहा रूपं एकानं कधीच म्हणायची नाहीत. गोल बसायचं, आणि प्रत्येकानं आपलं एकच रूप म्हणून थांबायचं. पुढचं रूप पुढच्याचं. वर्तमान संपला की भूत, भूत संपला की भविष्य, आणि गोल फिरतच राहायचा. कुणी अडखळलं की सर स्टीलची पट्टी टेबलावर आपटून विचारत, "नंबर कुणाचा?" ज्याचा असेल त्यानं हात वर करायचा. मग सर वाट बघत. खाली ट्रक हॉर्न मारतायत, दुकानात हातोडे पडतायत, आणि हे आपले वाट बघतायत. चुकलं तरी चालायचं. पण शेजाऱ्याची दया येऊन त्याचं रूप आपण म्हटलं, तर तो मोठा गुन्हा. "दुसऱ्याचा नंबर खाल्ला," असं सर म्हणत आणि त्या माणसाला खाली पाठवत. तिथं टायरच्या थप्पीवर वर्ग सुटेपर्यंत बसायचं. मी दोनदा बसलोय. येणारी जाणारी गिऱ्हाइकं मलाच टायरचे भाव विचारत.

क्रियापदांच्या तीन जाती असतात, असं ते पहिल्याच दिवशी सांगत. प्रत्येकीचं शेपूट वेगळं. "वर्तमानात तिघींची पंगत येगळी. भूतकाळातबी सगळ्यांचं जमत न्हाई. पन भविष्यकाळात तिघीबी एका पंगतीला बसत्यात. एकच शेपूट सगळ्यांना." हे सांगताना ते आमच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत. भविष्यकाळात कुणी चुकलं तर सर त्याला रागावत नसत, हे मी पुढं पुढं ओळखलं होतं. मुद्दाम तिथंच चुकणारे दोघंतिघं आमच्यात होते.

आमच्या ओरडण्यानं घरमालक आबा एकदा जिना चढून वर आले. गावातलं वजनदार माणूस, पांढरी टोपी, हातात मोबाइल. दारातच उभे राहून म्हणाले, "मास्तर, गावात लोक इचारत्यात. हितं काय चालतं? कसला पंथबिंथ तर न्हाई ना?"

"बसा आबा," सर म्हणाले. "तुमचा नंबर शेवटचा."

आबांना काही कळायच्या आत ते गोलात बसले होते. त्यांचा नंबर आला तेव्हा सगळे गप्प. आबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, घाम पुसला. शेवटी म्हणाले, "अरं म्हंजी हे पाढं हायत व्हय? मग पाढं म्हना की. मला उगा घाबरवलं राव." आणि गेले. पण त्यानंतर गावात कुणी काही विचारलं नाही.

सरांची सगळ्यात मोठी खोड मात्र वेगळीच होती. कुणी वर्गाला आलं नाही तरी त्याचा नंबर जात नसे. समजा तिसरा माणूस ओव्हरटाइमला अडकलाय. तर पहिल्यानं हाब्लो म्हणायचं, दुसऱ्यानं हाब्लास, मग सगळ्यांनी गप्प बसायचं. एक श्वास घेऊन सोडण्याएवढं. मग चौथ्यानं थेट हाब्लामोस. मधलं हाब्ला तसंच राहायचं, ते त्याचं होतं. दिवाळीच्या आधी ओव्हरटाइमच्या दिवसांत तर आमच्या वर्गात बोलण्यापेक्षा गप्प बसणंच जास्त होई. मला तेव्हा हसू यायचं. शिकायला आलोय की मौन पाळायला, असं मी बाकीच्यांना म्हणायचो.

मग आमच्यातला एकजण गेला. बिहारकडचा वेल्डर होता, कंत्राटावर. त्याला मराठी धड येत नव्हतं, पण स्पॅनिश आमच्यापेक्षा बरं यायचं. "सर, हमारा नंबर है, हम बोलेंगे," असं म्हणून तो आपलं रूप इतकं जोरात म्हणायचा की खालचा टायरवाला वर बघायचा. गोलात त्याची जागा चौथी. दुसऱ्या शिफ्टवरून मोटारसायकलवर येताना फाट्यावर त्याला ट्रकनं उडवलं. त्याला घेऊन जायला गावाहून त्याचा भाऊ आला, आणि आम्ही ॲम्ब्युलन्सच्या दारात उभं राहण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

पुढच्या वर्गात सरांनी नेहमीसारखी सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याला आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो. सर फळ्याकडे बघत उभे होते. श्वास घेऊन सोडण्याएवढा वेळ गेला, मग पाचव्यानं त्याचं रूप म्हटलं. त्या दिवसापासून चौथा नंबर रिकामाच राहिला. नवीन आलेल्या एकानं विचारलं की सर, तो तर आता येणार नाही, मग मला बसू द्या तिथं. सर फार हळू आवाजात म्हणाले, "कंपनीनं दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेव मानूस लावला. मी न्हाई लावनार."

मी हसायचं तेव्हा थांबवलं. दिवसभर मी प्रेसवर उभा असायचो. मी एक दिवस आलो नाही तर तिथं कुणाला काही वाटत नव्हतं, बदली हजर असायचा. या माणसाच्या खोलीत मात्र मी आलो नाही तर माझ्या नावानं सगळे गप्प बसायचे. पुढं स्पेनची हवा विरली. ती लाइन दुसऱ्याच राज्यात गेली म्हणे. शिकायला येणारे हळूहळू बंद झाले, पण मी जातच राहिलो. मला स्पॅनिशची गरज उरली नव्हती. सरांची होती.

एके दिवशी आम्हाला सुट्टी होती आणि वर्ग सकाळचा होता. थोडेच जण होतो. सर आमच्याकडे पाठ आणि फळ्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांनी तसंच सुरू केलं. हाब्लो, हाब्लास, हाब्ला, हाब्लामोस, हाब्लाइस, हाब्लान. सहाच्या सहा त्यांनी स्वतःच म्हटली. चौथ्याला थांबलेसुद्धा नाहीत. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आज काहीतरी नवीन रीत आहे असं आम्हाला वाटलं, आणि आम्ही त्यांच्या मागून सगळं एका सुरात म्हटलं. त्यांनी परत म्हटलं. आम्ही परत म्हटलं. एकानं विचारलं, "सर, आज नंबर नाहीत का?" सरांनी मान न वळवता उत्तर दिलं, "हाब्लो, हाब्लास, हाब्ला." सूर अगदी उत्तराचा होता. आम्ही हसलो. सरांनी मराठी बंद केलंय, फक्त स्पॅनिशमधनं बोलायचं, असा अर्थ आम्ही लावला. असल्या लहरी त्यांना येत असत. त्यांच्या हातातला खडू खाली पडला तेव्हा एकानं तो उचलून टेबलावर ठेवला आणि परत जागेवर बसून म्हणायला लागला. आम्ही चांगल्या पोरांसारखे मोठ्यानं म्हणत होतो. असं बराच वेळ चाललं.

मग काकू चहा घेऊन आल्या. काकूंना स्पॅनिशचं काही कळत नसे, म्हणून त्यांनी ऐकलं नाही, नुसतं पाहिलं. त्या ट्रे घेऊन फळ्याच्या बाजूनं पुढं गेल्या आणि सरांचं तोंड त्यांना दिसलं.

"अवं, तोंड असं वाकडं का झालंय तुमचं?"

"हाब्लो, हाब्लास, हाब्ला, हाब्लामोस," सर म्हणाले.

ट्रे पडला. "अरं धरा की त्यांना! बघत काय बसलाय मुडद्यांनो!"

टायरवाल्याच्या टेम्पोतून आम्ही त्यांना शिरूरला नेलं, तिथून पुण्याला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की त्रास सुरू होऊन किती वेळ झाला. आम्ही सगळे तिथंच उभे होतो. काकूच म्हणाल्या, "सकाळपासनं शिकवत व्हते." डॉक्टर म्हणाले, अशा आजारात लवकर आणलेलं बरं असतं. एवढंच म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं की उजवी बाजू गेली आहे आणि बोलणंही गेलं आहे. जे आयुष्यभर घोकलं तेवढं तोंडात राहतं. कुणाच्या आरती राहते, कुणाच्या शिव्या राहतात. त्यांना समजतंय सगळं, पण मनात काहीही असलं तरी बाहेर तेच येणार.

काकूंनी कारेगावची खोली सोडली आणि त्यांना घेऊन त्या दौंडला सरांच्या वडिलांच्या घरी गेल्या. वडील रेल्वेत होते, घर रुळांच्या जवळ. मालगाडी गेली की खिडकीची तावदानं वाजत. सुट्टीला मी न्हावऱ्यावरून मोटारसायकलनं जायचो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं रेंगाळत जाताना मनात यायचं की परत फिरावं. बाकीचे एकदोनदा आले, मग आले नाहीत. त्यांनाही दोष द्यावासा वाटत नाही. ज्या माणसानं आपल्याला एक एक रूप म्हणून थांबायला शिकवलं, तो न थांबता सहाच्या सहा म्हणत सुटलेला बघवत नव्हता.

सर बाजेवर बसलेले असत. पायात सेफ्टी शूज. ते काढले की ओरडतात, असं काकू सांगत. पाणी हवं असलं की हाब्लो हाब्लास हाब्ला, ऊन लागत असलं की तेच, रागावले की तेच जोरात. एकदा ते काकूंना काहीतरी फार मनापासून सांगत होते. डोळ्यांत पाणी होतं, डावा हात काकूंच्या मनगटावर होता, आणि तोंडातून तीच सहा रूपं पुन्हा पुन्हा येत होती. काकू माझ्याकडे वळल्या.

"तुला येतंय ना त्यांचं? मला सांग बाबा. काय म्हनत्यात? एवढं तळमळून काय सांगत्यात?"

तेव्हा मला कळलं की इतके दिवस काकू काय समजून बसल्या होत्या. त्यांना वाटत होतं की सर स्पॅनिशमध्ये सगळं बोलतायत. मनातलं सगळं सांगतायत आणि फक्त आपल्यालाच ते कळत नाही. संसारभर आपण ती भाषा शिकलो नाही, म्हणून ही शिक्षा. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. भाजी चांगली झाली म्हणतायत, असं काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, असं मला वाटलं. पण सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांना सगळं समजत होतं.

"काकू, ते एकच म्हणतायत," मी म्हणालो. "मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो. पुढं आम्ही, तुम्ही, ते. एवढंच."

काकूंनी सरांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "तू बोलतेस म्हनत्यात? मग मी बोलते की. मला शिकव."

शिकवायला काय होतं? प्लायवूडच्या पलीकडे भाकऱ्या थापताना वर्षानुवर्षं ऐकलेलं. सगळी रूपं काकूंना तोंडपाठ होती, माझ्यापेक्षा पक्की. भूतकाळ, भविष्यकाळ सगळं. फक्त कुठलं कुणाचं ते माहीत नव्हतं, आणि थांबायचं कुठं ते माहीत नव्हतं. मी त्यांना रीत सांगितली. पहिला नंबर सरांचा, दुसरा काकूंचा, तिसरा माझा. बाजेभोवती आम्ही बसायचो आणि मी सरांच्याच आवाजात विचारायचो, "नंबर कुणाचा?"

सर सुटायचे ते थेट हाब्लानपर्यंत. काकू मध्ये आपलं हाब्लास घुसवू बघायच्या, पण त्यांच्या वेगापुढं जमायचं नाही. सर घामाघूम व्हायचे, रागावून बाजेवर मूठ आपटायचे. त्यांना थांबायचं होतं, ते मला दिसत होतं, पण जीभ ऐकत नव्हती. कित्येक सुट्ट्या अशा गेल्या. एकदा मी म्हणालो, काकू, राहू दे आता, त्यांना त्रास होतोय. काकू म्हणाल्या, "त्रास मलाबी हुतोय. तू इचार."

आणि एका दुपारी मी विचारलं, "नंबर कुणाचा?" सरांनी डावा हात वर केला.

"हाब्लो," ते म्हणाले. आणि त्यांनी ओठ मिटून घेतले. ओठ थरथरत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण मिटलेले राहिले. ते काकूंकडे बघत होते.

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. पदराआडूनच म्हणाल्या, "हाब्लास."

"हाब्ला," मी म्हटलं, आणि आनंदाच्या भरात पुढचंही म्हणायला तोंड उघडलं. सरांनी डाव्या हाताचा पंजा माझ्यासमोर धरला. मी गप्प झालो. चौथा नंबर. श्वास घेऊन सोडण्याएवढं आम्ही तिघंही गप्प बसलो. मग सर म्हणाले, "हाब्लाइस," आणि काकू म्हणाल्या, "हाब्लान."

त्या दिवशी काकूंनी शिरा केला होता. चुलीपाशी बसून त्या रडत होत्या आणि मला म्हणत होत्या, "बोललं रं. माझ्याशी बोललं." मी त्यांना काही समजावायला गेलो नाही. खरंच बोलले होते.

असं अजून दोनचार सुट्ट्यांना झालं. कधी थांबता यायचं, कधी नाही. थंडी संपता संपता त्यांना दुसरा झटका आला आणि त्या वेळी घरात लगेच ओळखून, सगळं वेळेवर करूनही उपयोग झाला नाही. भीमेकाठी त्यांना पोचवायला आम्ही मोजकीच माणसं होतो. सेफ्टी शूज काकूंनी त्यांच्याबरोबरच दिले.

त्यानंतरच्या सुट्टीला मी दौंडला गेलो. न जाऊन चाललं असतं, पण सवयीनं मोटारसायकल न्हावऱ्याकडं वळली. काकूंनी चहा केला. रिकामी बाज भिंतीला होती तशीच होती, वर चादर नीट अंथरलेली. मी माझ्या जागेवर बसलो, काकू त्यांच्या जागेवर. कपातला चहा संपला. शेवटी काकूच म्हणाल्या, "नंबर कुणाचा?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी लगेच म्हटलं, "हाब्लो."

"तू न्हाई," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "पहिला नंबर त्यांचा हाय."

मी गप्प झालो. आम्ही दोघं बाजेकडे बघत बसलो. बाहेरून मालगाडी चालली होती, तावदानं वाजत होती. गाडी संपेपर्यंत काकूंनी वाट बघितली. श्वास घेऊन सोडण्यापेक्षा तो वेळ कितीतरी जास्त होता. मग पदर सारखा करून त्या बाजेकडे बघतच म्हणाल्या, "हाब्लास."

पुढचा नंबर माझा होता. काकू वाट बघत बसल्या.